हातांवर बसणारे काका

काका शिकवायला बसले की सगळ्यात आधी स्वतःच्या हातांवर बसायचे. अगदी खरोखर. दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवायचे, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे हलून ते नीट दाबले गेलेत ना याची खात्री करायचे आणि मग म्हणायचे, "हं. कर सुरू." तास संपला की हाताला इतक्या मुंग्या आलेल्या असायच्या की पाच मिनिटं त्यांना चहाचा कप धरता यायचा नाही. आई कप घेऊन समोर उभी आणि काका बोटं झटकत खोलीभर फिरताहेत, असं आमच्या घरात आठवड्यातून तीनदा चालायचं.

पहिल्या दिवशी आईने विचारलं होतं, "हे काय हो?"

"वहिनी, हात मोकळे असले की पुढे जातात. हाताला अक्कल नसते, फक्त घाई असते. हिची चूक दिसली की माझा हात जाणार, बटण दाबणार. मग शिकलं कोण? हात शिकला. माझा हात तर आधीच शिकलेला आहे."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लांबलचक आहे, आणि अक्षरांची उधळपट्टी त्यांना खपायची नाही. माझ्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण माझं एक अक्षर म्हणजे मानेच्या तीन हालचाली. हे सगळं मी मानेनेच लिहिते आहे. त्यामुळे कुठे तुटक वाटलं तर तो माझा स्वभाव समजू नका. स्वभावाने मी बडबडी आहे.

जन्माच्या वेळी मला श्वास घ्यायला उशीर झाला आणि तेवढ्यात हातपाय बिघडले. हात माझं ऐकत नाहीत; मी ग्लास म्हटलं की ते खिडकीकडे जातात. पायांचंही तेच. बोलणं येतं, पण जड आणि ओढलेलं. घरच्यांना कळतं, बाहेरच्यांना नाही. आवाजावर चालणाऱ्या मोबाईललाही नाही. मी एक ओळ सांगितली की तो हवामानाचा अंदाज दाखवतो. मान मात्र चांगली आहे. आमचं घर बनारसला, ब्रह्माघाटावर, चौथ्या मजल्यावर. चाकाची खुर्ची घरातल्या घरात फिरते. गल्लीत उतरायचं तर बाबांच्या पाठीवर, आणि बाबा बँकेतून दमून आलेले असले की उतरायचंच नाही.

शाळा, कॉलेज मी लेखनिकाच्या हातांनी केलं. मी सांगायचं, शेजारी बसलेल्या मुलीने लिहायचं. मुली चांगल्या होत्या, हाच त्रास होता. बारावीच्या एका पेपरात मी चुकीचं सूत्र सांगितलं. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं, दयेने हसली आणि बरोबर लिहिलं. मला चांगले मार्क मिळाले. घरी पेढे वाटले. मी एकही खाल्ला नाही. मला तेव्हापासून एकच गोष्ट हवी होती, आणि ती कुणाला सांगितली की लोक गोंधळायचे. मला माझ्या एकटीचं असं काहीतरी हवं होतं. ते बरोबर असलंच पाहिजे असंही नव्हतं.

हे पहिल्यांदा कळलं ते काकांना. ते आमच्याकडे आले होते इन्व्हर्टर दुरुस्त करायला. दुर्गाघाटाच्या गल्लीत तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. रेल्वेत सिग्नलच्या खात्यातून निवृत्त झालेले. अंगात अर्ध्या बाहीचा सदरा, खिशात टेस्टर, खांद्यावर गमछा, आणि सदऱ्याच्या आत जानवं आहे की वायर आहे हे सांगता येऊ नये असा एकूण प्रकार. बाबा त्यांना सहज म्हणाले, "हिला कॉम्प्युटरचं शिकायचंय. बिचारीचे हात..."

"हात राहू द्या," काका म्हणाले. "काय चालतं ते सांगा."

"मान," मी म्हणाले. त्यांना पहिल्या वेळेला कळलं. बाहेरच्या माणसाला माझं बोलणं पहिल्या वेळेला कळलं असं तोवर घडलं नव्हतं.

ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. दोन्ही तळव्यांनी माझं डोकं धरलं. खाली केलं. सरळ आणलं. वर केलं. पुन्हा खाली, सरळ, वर. आईला वाटलं हे आता मंत्र घालणार. एका अर्थी तसंच झालं.

काकांचे वडील आमच्या मोहल्ल्यातले मोठे वैदिक. घरात पाठशाळा. काका सात वर्षांचे असल्यापासून तिथे बसले. ऋग्वेद शिकवताना गुरू मुलाचं डोकं हातात धरतो आणि स्वराबरोबर हलवतो: अनुदात्ताला खाली, उदात्ताला सरळ, स्वरिताला वर. वर्षभरात डोकं आपोआप हलायला लागतं. सोळाव्या वर्षी काकांनी पाठशाळा सोडली आणि रेल्वेत उमेदवारी धरली. का सोडली याची तीन कारणं ते सांगायचे, आणि तिन्ही वेगवेगळ्या दिवशी. पण डोक्याने काय काय सांगता येतं हे त्यांच्या मानेत बसलेलं होतं, आणि खटक्यांनी गाड्या कशा वळवायच्या हे हातात.

"तीन जागा," ते त्या दिवशी जिन्यावरून उतरता उतरता म्हणाले. "तीनदा तीन तीन. सत्तावीस. इंग्रजी अक्षरं सव्वीस. एक उरते. अरे वा!" इन्व्हर्टर तसाच राहिला. तो शेवटी बाबांनी दुसऱ्याकडून करून घेतला.

दोन महिन्यांनी ते पट्टा घेऊन आले. डोक्याला बांधायचा, मऊ, त्यांच्याच जुन्या गमछ्यातून शिवलेला. त्यात जुन्या मोबाईलमधून काढलेला, झुकाव ओळखणारा तुकडा. पडद्यावर अक्षरांचे तीन गठ्ठे. दर सेकंदाला एक ठोका वाजणार, आणि ठोक्याला मान जिथे असेल तो गठ्ठा निवडला जाणार. त्याचे पुन्हा तीन भाग, मग पुन्हा तीन. तीन ठोक्यांत एक अक्षर. मान डावीकडे कलती केली की आकडे, कंस, चिन्हं आणि मोकळी जागा असलेला दुसरा तक्ता उघडायचा. उजव्या खांद्यावर टेकवली की ठोके थांबायचे. दमलं की थांबायला.

सत्ताविसावी जागा त्यांनी पुसायला ठेवली होती. ती कुठे द्यायची यावर त्यांनी म्हणे आठ दिवस विचार केला. सगळ्यात सोपं खाली, खाली, खाली. पण ते नको म्हणाले. "चुकलं म्हणून मान खाली घालायची? छट्. वर, वर, वर. चूक पुसायची तर ताठ मानेने पुस."

त्या रविवारी दुपारी मी पहिली ओळ लिहायला बसले. आई होती, बाबा होते, इंदूरहून आलेली आत्या होती. मी मान हलवायला लागले आणि तिघांचेही जीव कासावीस व्हायला लागले. चौथ्या अक्षराला मी चुकले. आई पुढे झाली, "राहू दे गं, मी दाबून देते."

"वहिनी, हातांवर बसा."

"अहो, पण..."

"तुम्हीही बसा," हे बाबांना. आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बिचारी किती कष्ट करते." काका तिच्याकडे वळले. "आत्याबाई, तुम्ही तर पहिल्या बसा."

आणि बसले सगळे. आमच्या दिवाणावर, एका ओळीत, स्वतःच्या हातांवर. मी लिहीत होते आणि ते चौघे हात दाबून धरून बघत होते. त्या एका ओळीला पाऊण तास लागला. आत्याच्या बांगड्या रुतल्या, तिने तसं दाखवूनही पाहिलं, पण काकांनी सुटी दिली नाही. ओळ चालली, पडद्यावर माझं नाव उमटलं आणि टाळ्या वाजवायला कुणाचेही हात धड नव्हते. मला तेच आवडलं.

"चूक कुणाची?" हा त्यांचा प्रश्न. प्रोग्राम अडला, लाल अक्षरं आली, की काका छताकडे बघून विचारायचे, "चूक कुणाची?"

"माझी."

"मग शोध."

एवढंच. कुठे आहे, कशी आहे, वर आहे की खाली, काही सांगायचे नाहीत. कधी दोन दिवस जायचे. मी चिडायचे, रडायचे, एकदा त्यांना बनारसी शिवी दिली. ती मात्र त्यांना नीट कळली नाही, म्हणून पुन्हा द्यायला लावली. हा प्रश्न त्यांनी गल्लीतही इतका विचारला होता की कोपऱ्यावरचा पानवाला त्यांना लांबूनच हाक मारायचा, "का गुरु, गलती केकर हौ?" काका न थांबता चूक त्याच्यावरच उलटवायचे, "तोहार!"

एकदा पट्टा गच्चीवर उन्हात वाळत घातला होता. माकडाने नेला. पट्टा चालूच होता, खाली पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. काका धावत वर गेले, तर माकड कठड्यावर पट्टा गळ्यात घालून बसलेलं. हरभरे देऊन सोडवून आणला. खाली येऊन त्यांनी माकडाने लिहिलेली अर्धी ओळ चष्मा लावून वाचली आणि गंभीरपणे म्हणाले, "याने कंस एकही उघडा ठेवलेला नाही. तू काल तीन ठेवलेस."

माझा पहिला खरा प्रोग्राम भाज्यांचा होता. पाठशाळेत जटा नावाचा पाठ असतो. दोन शब्द घ्यायचे: पुढे, मागे, पुन्हा पुढे. पहिला दुसरा, दुसरा पहिला, पहिला दुसरा. मग दुसरा आणि तिसरा. एकही शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून जुन्या लोकांनी काढलेली युक्ती. काका म्हणाले, संगणकाला एकच काम पुन्हा पुन्हा करायला कसं सांगायचं, हे शिकायला याहून बरं काही नाही. फक्त मंत्र घालू नकोस, भाज्या घाल. मग आमच्या खोलीत संगणक निर्विकार आवाजात म्हणायला लागला, "परवल नेनुआ नेनुआ परवल परवल नेनुआ." आई कणिक मळता मळता हसून बेजार.

हे ऐकून एक दिवस काकांचे थोरले भाऊ जिना चढून वर आले. ते घनपाठी. जटेच्या पुढचा, सगळ्यात अवघड पाठ तो घन, आणि तो त्यांना संपूर्ण येत होता. पाठशाळा तेच चालवायचे. काका घनापर्यंत पोचायच्या आतच पळाले होते, आणि भाऊ चारचौघांत त्यांना 'आमचा अर्धवट' म्हणायचे. चार मजले चढून त्यांना धाप लागली होती. दारातूनच म्हणाले, "काय रे, ऐकलं ते खरं का? पोरीला स्वराची मान शिकवतोस?"

"एबीसीडी शिकवतोय, दादा."

"मान तीच ना? आपल्या घरची? वडिलांनी डोकं धरून शिकवलेली?"

"मान तिची आहे," काका म्हणाले. ते तेव्हा हातांवर बसलेले होते, भाऊ समोर उभे असतानाही उठले नाहीत. "वडिलांनी मला जे दिलं त्यातलं कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं एवढंच निघालं. तेही नको देऊ?"

थोरले गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मी फक्त लिहीत राहिले. खाली, सरळ, वर. मुद्दाम जरा झोकात. ते पाणीही न पिता गेले. आई दिवसभर धास्तावलेली होती. मी मात्र त्या दिवशी दुप्पट ओळी लिहिल्या.

आता जे सांगायचंय ते काकांना आवडलं नसतं. तरी सांगते, कारण त्याशिवाय ते पुरे कळणार नाहीत.

चौथ्या वर्षी मी एका कंपनीत अर्ज केला. घरून करायचं काम. त्यांनी परीक्षा म्हणून एक प्रोग्राम लिहायला दिला, तीन दिवसांत. दवाखान्यातल्या रांगेचा: लोकांची नावं घ्यायची, ज्याला जास्त निकड त्याला पुढे लावायचं, आणि एकेकाला हाक मारायची. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कुणाचीही मदत न घेता. मी तीन दिवस मान हलवली. तिसऱ्या दिवशी दुपारी काम पुरं झालं. पाच वाजता पाठवायचं होतं. आई मला जेवायला आत घेऊन गेली, काका पडद्यासमोर बसले होते.

मी परत आले आणि एकदा वरून खाली वाचायला लागले. एका ओळीवर थांबले.

ज्याला एका अक्षराला तीन ठोके मोजावे लागतात त्याला आपली ओळ ओळखू येते. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची सगळ्यांची रीत आहे. छान दिसतं. मी कधीच सोडत नाही. एका मोकळ्या जागेला मान कलती करायची आणि मग तीन ठोके, म्हणजे चार. दोन जागांना आठ. मला परवडत नाही. आणि त्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना सुबक, मोकळी जागा होती.

मी काकांकडे बघितलं. त्यांचे हात मांड्यांखाली होते. पण तोंड चोरासारखं झालं होतं.

"हात काढलेत," मी म्हणाले.

त्यांनी तळवे मांड्यांखाली आणखी आत सरकवले.

"काका."

"शेवटचा माणूस राहत होता गं," ते म्हणाले. "सगळ्यांना हाक जात होती, शेवटच्याला जातच नव्हती. एकाने कमी मोजत होतीस. मला बघवेना. आमच्यात एक स्वर चुकला तर यजमान बुडतो म्हणायचे. लहानपणापासूनचं आहे ते. मी नाही म्हणत होतो, हातच गेला."

"चूक कुणाची होती?"

 खालून घाटावरची घंटा ऐकू येत होती.

"तुझी," ते म्हणाले.

मी पट्टा बांधायला सांगितला. त्यांची ओळ पुसायला लागले. वर, वर, वर. वर, वर, वर. आई धावत आली. "अगं, काय करतेस? बरोबर झालंय ना ते आता? राहू दे ना. कुणाला कळणार आहे?"

बाबाही म्हणाले, "बेटा, जिद करू नको. चूक आहे हे आता तुला माहीतच आहे. तूच दुरुस्त कर. झालं."

तेच तर होत नव्हतं. माहीत झालेली चूक शोधता येत नाही. आणखी तास होता हातात. कदाचित मला सापडली असती, कदाचित नसती. तो तास काकांनी खाल्ला होता. बारावीच्या पेपरातली ती मुलगी पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली होती, आणि या वेळी तिने काकांचा सदरा घातला होता. मला इतका राग आला होता की मान थरथरत होती आणि भलतीच अक्षरं उमटत होती. ती पुसली. माझी ओळ पुन्हा लिहिली, एकाने कमी मोजणारी, मोकळ्या जागा नसलेली. खाली एक वाक्य लिहिलं: या कामात एक चूक आहे, ती मला दुसऱ्याने दाखवली, म्हणून मी ती सुधारलेली नाही. पाचला चार मिनिटं असताना पाठवलं.

काका उठून गेले. चहा न घेता. हात तसेच न झटकता.

नकार आला, अगदी सभ्य भाषेत. मी बाणेदारपणे हसले वगैरे नाही. महिनाभर रडले. आई बोलून दाखवायची नाही, पण भांडी जोरात ठेवायची. आपण मूर्खपणा केला असं मला रोज सकाळी वाटायचं आणि दुपारपर्यंत वाटेनासं व्हायचं.

त्या दुपारनंतर नवव्या दिवशी काका आले. माफी मागितली नाही. खांद्यावरचा गमछा काढून आईपुढे धरला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. "वहिनी, बांधा." आईने कसंनुसं बांधलं. "घट्ट," ते म्हणाले. पुढचा सगळा महिना त्यांनी मला हात बांधून घेऊन शिकवलं. बसण्यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. चष्मा घसरला की मला म्हणायचे, "आता तू आणि मी सारखे. बोल."

दीड वर्षाने मला दुसरीकडे काम मिळालं. अजूनही तेच करते, याच खिडकीत बसून. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. मी शोधते, दाखवते आणि परत पाठवते. दुरुस्त करत नाही. माझा तसा लौकिक आहे.

मागच्या हिवाळ्यात काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. एक दिवस येऊन म्हणाले, "पट्टा दे. मला घन लिहायचाय."

"तुम्हाला येत कुठे घन?"

"येत नाही म्हणूनच. माणूस कसा म्हणतो ते ऐकून माहीत आहे. पहिला दुसरा, दुसरा पहिला, पहिला दुसरा तिसरा, तिसरा दुसरा पहिला, पुन्हा पहिला दुसरा तिसरा. मग एक पाऊल पुढे. यंत्राकडून म्हणवून घेतो आणि दादाला ऐकवतो. अर्धवट म्हणतो मला."

"मग हातांनी लिहा ना. पटकन होईल."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "हातांनी लिहायचं तर चार मजले चढून तुझ्याकडे कशाला येऊ?"

त्यांची मान तोवर आखडली होती. वर जायचीच नाही धड. एकेक ओळ आठवडा आठवडा चालायची. पुसायच्या तीन 'वर'ला तर ते कण्हायचे. "कुठल्या गाढवाने पुसायला वरची जागा दिली?" मी सांगायचे, तुम्हीच. माघ गेला, फाल्गुन लागला. एका सकाळी त्यांनी चार भाज्या घातल्या, परवल, नेनुआ, कोहळा, भेंडी, आणि प्रोग्राम चालवला. संगणक म्हणायला लागला. पुढे, मागे, पुढे. परवल नेनुआ, नेनुआ परवल, परवल नेनुआ कोहळा. काका डोळे मिटून मान हलवत ऐकत होते, सात वर्षांच्या मुलासारखी. आणि मग आवाज थांबला. भेंडी आलीच नाही.

मला ओळ दिसली. पहिल्याच नजरेत. एकाने कमी. माझीच ती जुनी चूक, जशीच्या तशी, आता त्यांच्या मानेतून उतरलेली.

काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरत नव्हतं.

"चूक कुणाची?" मी म्हणाले.

"माझी," ते म्हणाले, आणि इतके हसले, इतके हसले की पट्ट्याने पडद्यावर दोन ओळी भलतंच लिहिलं.

"मग शोधा."

दोन आठवडे शोधली. मला हातांवर बसता येत नाही, म्हणून मी ओठ दाबून बसायचे. फार अवघड असतं ते. त्यांनी मला इतकी वर्षं काय दिलं ते मला त्या दोन आठवड्यांत कळलं. ते चुकीच्या ओळीकडे जायचे, माझा जीव खालीवर व्हायचा. ते बरोबर ओळीवर थांबायचे, मी श्वास धरायचे, आणि ते पुढे निघून जायचे. शेवटच्या दिवशी दमून म्हणाले, "एवढं तरी सांग, वर आहे की खाली?"

"नाही."

"शाब्बास," ते म्हणाले. हात झटकले, चहा घेतला, गेले.

तो मंगळवार होता. गुरुवारी यायचे होते. बुधवारी दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

चौदाव्या दिवशी थोरले गुरुजी आले. चार मजले, काठी टेकत, दोन जिन्यांमध्ये बसत. म्हणाले, "त्याने काहीतरी करून ठेवलंय म्हणे. ऐकव."

मी ऐकवलं. ते भिंतीला टेकून ऐकत होते. भाज्या आहेत हे ऐकून आधी त्यांचं कपाळ आक्रसलं, मग हळूहळू बोटं मांडीवर चालायला लागली. आवाज थांबला आणि त्यांनी लगेच डोळे उघडले. "भेंडी?"

"राहिली."

"क्रम बरोबर आहे त्याचा. पूर्ण बरोबर." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "शेवटच तेवढा... तुला दिसतंय, कुठे आहे ते?"

"दिसतंय."

"मग कर दुरुस्त. आमच्यात चुकलेला पाठ तसा ठेवत नाहीत. पुरा कर. त्याच्या नावाने पुरा होऊ दे एकदा, म्हणजे कुणी त्याला..."  काकांना अर्धवट म्हणायचे ते फक्त तेच, इतकी वर्षं.

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नाही, गुरुजी," मी म्हणाले.

त्यांना माझं बोलणं कळलं नाही. आईने सांगितलं. तरी त्यांना कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले, सावकाश, एकेक शब्द तोडून, "चूक. त्यांची. आहे."

या वेळी कळलं. ते रागावले. हट्टी, म्हणाले, दोघंही हट्टी. काठी आपटत उठले. पण दारापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा भिंतीला टेकले आणि म्हणाले, "आणखी एकदा लाव." मी लावलं. भेंडीशिवायचं, सगळं.

तो प्रोग्राम अजून माझ्याकडे आहे. ती ओळ मी रोज बघते. दोन खुणा पुसायच्या आहेत, वजाचं चिन्ह आणि पुढचा एकचा आकडा. सहा ठोके. वर, वर, वर, वर, वर, वर, आणि भेंडी येईल. कधी कधी ठोका वाजायला लागतो आणि मान आपोआप उचलायला लागते. मग मी ती उजव्या खांद्यावर टेकवते. ठोका थांबतो. त्यांची ओळ तशीच राहते, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकही मोकळी जागा न सोडता लिहिलेली. त्यांनाही परवडली नव्हती.